गहाळ फर्मा

मध्यंतरापासूनच त्याची चुळबुळ चाललेली.
सिनेमा संपला, नावं वर सरकू लागली
आणि कोथरूडच्या त्या गारठलेल्या अंधारात
माझा त्रेचाळीस वर्षांचा भाऊ
पुढच्या तीन रांगांना ऐकू जाईल असं म्हणाला,
"नाववाली कुठाय?"

पार्किंगमध्ये तर सुटलाच.
"राखेच्या तळ्यावर पूल? आपोआप उगवणारा?
अरे, पुस्तक वाचलंय तरी का ह्यांनी?
सहा बोटांची म्हातारी, वल्ह्याला चिंधी बांधलेली,
तिलाच उडवली!
मग उरलं काय, नुसता धूर."
हेल्मेट घातल्यावरही बोलत राहिला,
झाकण ठेवलेल्या कढईसारखा.

मी पर्समध्ये पावती शोधत होते.
सापडली होती, तरी शोधत होते.

यशोधन तेव्हा नऊ वर्षांचा.
रास्ता पेठेतलं इस्पितळ, खिडकीकडची खाट,
एकवीस दिवस न उतरलेला ताप.
मी सोळाची. नारायण पेठेतल्या लायब्ररीतून आणलेलं
ते उशीएवढं पुस्तक,
उशीर झाला की दिवसाला चार आणे.
रोज दुपारी दोन प्रकरणं, भेटीची वेळ संपेपर्यंत.

एके दिवशी पान उलटलं, दोनशे आठ,
आणि पुढे थेट दोनशे पंचवीस.
फाटलं नव्हतं काही.
बांधणाऱ्यानं एक फर्मा घातलाच नव्हता.
इकडे राजकन्या तळ्याच्या काठावर उभी,
तिकडे पलीकडे पोचलेली,
कपड्यांवर राखेचा कणही नाही.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता.
मी थांबले नाही.
पानावर नजर ठेवून वाचत गेले, नसलेलं.
आवाज घेतला सिस्टर साळवेंचा,
चिंधी सलाईनच्या स्टँडची,
सहावं बोट कुठून आलं, देव जाणे.
नाववाली म्हणाली, भाडं एकच,
आजवर कुणाला न सांगितलेलं एक खरं वाक्य.

"मग राजकन्या काय म्हणाली?"
"इथे जागा कोरी सोडलीय," मी म्हटलं. "तू सांग."

बराच वेळ तो पंख्याकडे बघत राहिला.
मग सांगितलं.
ते वाक्य मी कुठेच लिहिलेलं नाही,
इथेही नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, अप्पा बळवंत चौकात,
फुटपाथवर, गाईडांच्या गठ्ठ्याखाली
अख्खी प्रत मिळाली.
उभ्या उभ्या वाचली ती सोळा पानं.
तेरा पानं वंशावळ, दोन पानं तलवारींची नावं,
शेवटी एक पूल.
सिनेमावाल्यांनी तो उचललाय
स्वल्पविरामासकट.
इतका इमानदार सिनेमा मी पाहिलेला नाही.
इतका कोरडाही.

घरी ती प्रत कपाटात आहे, साड्यांच्या मागे.
द्यावी का त्याला?
काय म्हणून देऊ?

डेक्कनच्या सिग्नलला थांबलो.
तो पुढे, त्याच्या स्कूटरवर. मागे माझ्याकडे त्याची लेक.
समोर लकडी पूल,
ज्यात लाकूड कुठे आहे असं
एकही पुणेकर विचारत नाही,
बाकी सगळं विचारतो.

"आत्या," ऋजुता कानाशी म्हणाली,
"मी वाचलंय ना ते आता, मोबाईलवर.
त्यात नाववाली नाहीच आहे.
बाबांना सांगू?"

चाळीस सेकंद होते दिव्यावर.
एकोणचाळीस.
नदीकडून वास येत होता, नेहमीचाच.

"माझ्या प्रतीत होती," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही.
खांद्यावरचा तिचा हात जरासा घट्ट झाला,
किंवा मला तसं वाटलं.
सिग्नल सुटला.
पुढे तो, अजून स्वतःशीच भांडत,
एका हातानं स्कूटर,
दुसऱ्यानं हवेत
वल्हं मारत चाललेला.